ऑफिसची जागा सोडण्याआधी : दहा-पंधरा जणांचं ऑफिस ऑनलाइन नेताना

सदाशिव पेठेतलं किंवा कर्वे रोडवरचं ऑफिस बंद करून सगळ्यांनी घरून काम करायचं ठरलं की पहिला हिशेब भाड्याचा मांडला जातो. तो सगळ्यात शेवटी मांडा. आधी कागद हलवायचे, मग अधिकार, मग माणसं आणि मगच जागा. भाडेकरार संपायला निदान तीन महिने असताना कामाला लागा.

पहिला महिना कागदांचा. निदान गेल्या दोन वर्षांच्या फायली 300 डीपीआयला स्कॅन करून, मजकूर शोधता येईल अशा पीडीएफ करा. नावाची सुरुवात तारखेनं, वर्ष आधी : 2025-04-12, पुढे ग्राहक, पुढे विषय. म्हणजे फायली आपोआप क्रमानं लागतात. स्टॅम्पपेपरवरचे मूळ करार मात्र स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालू नका. ते एका कपाटात, एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा.

फायली कुणाच्या खात्यात आहेत ते नीट बघा. गूगल वर्कस्पेसमध्ये कर्मचाऱ्याच्या 'माय ड्राइव्ह'मधली फाइल त्याच्या खात्याला बांधलेली असते. माणूस सोडून गेला आणि त्याचं खातं काढून टाकलं, तर ते परत आणायला फक्त 20 दिवस मिळतात. म्हणून कामाची प्रत्येक फाइल 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्येच, म्हणजे एका माणसाच्या नव्हे तर संस्थेच्या मालकीच्या फोल्डरमध्येच हवी.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर ड्राइव्हवर सिंकला टाकणं, म्हणजे त्याची प्रत आपोआप ऑनलाइन चढत राहील असं करणं, ही सर्रास होणारी चूक. टॅलीचा डेटा म्हणजे एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फायली. सिंक करणारं सॉफ्टवेअर त्या एकेक करून वर चढवतं. तेवढ्यात दुसऱ्यानं टॅलीतलं कंपनीचं खातं उघडून एंट्री केली की अर्ध्या फायली जुन्या, अर्ध्या नव्या होतात आणि डेटा बिघडतो. टॅली एकाच सर्व्हरवर ठेवा, सगळ्यांनी रिमोट लॉगिननं तिथेच काम करा. रोज रात्री बॅकअप घ्या आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

खरी अडचण अधिकारांची. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन बहुतेक ठिकाणी अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असतो, पिन वर चिकटवलेली. कंपनीच्या नावानं कायदेशीर सही करणारी ती वस्तू आहे. ज्याची सही, त्याच्याच घरी ती जायला हवी. टोकन घरच्या लॅपटॉपला आणि पोर्टल रिमोट सर्व्हरवर उघडलेलं असेल, तर टोकन बऱ्याचदा दिसतच नाही. सही करण्यापुरतं पोर्टल त्याच लॅपटॉपवर उघडा. बँकेत पेमेंट एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं अशी सोय मागून घ्या, म्हणजे ओटीपीसाठी फोनाफोनी होत नाही. डोमेन, ईमेल, जीएसटी, विजेचं बिल, प्रत्येक खात्याला कुणाचा नंबर आणि कुणाचा ईमेल जोडलाय याची यादी करा. डोमेन नूतनीकरणाची सूचना सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर जात राहिली, तर एके सकाळी सगळ्यांचेच ईमेल बंद पडतात.

आता घरं. पुण्यात महावितरणची देखभाल-दुरुस्ती बहुधा गुरुवारी असते, म्हणजे त्या दिवशी कुणा ना कुणाच्या घरी वीज नसणार. लॅपटॉप तग धरतो, पण राउटर बंद पडतो. प्रत्येकाला राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस द्या. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा : व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्टचा यूपीएस लावला तर राउटर जळू शकतो. जोडीला वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट असू द्या.

व्हॉट्सॲपवर बोला, पण निर्णय तिथे ठेवू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं एका सामायिक शीटमध्ये त्याच दिवशी उतरवा. नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस तरी कुणा जुन्या माणसाच्या शेजारी बसवा; शंका विचारायची भीड कॉलवर मोडत नाही.

धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर पत्ता सुटत नाही. कंपनी कायदा 2013च्या कलम 12नुसार नोंदणीकृत कार्यालय लागतंच, बाहेर नावाची पाटीही लागते. संचालकांची बैठक व्हिडिओवर चालते, पण पाटी भिंतीवरच हवी. शहरातल्या शहरात पत्ता बदलला तरी 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे आयएनसी-22 हा फॉर्म भरा, जीएसटीत 15 दिवसांत बदल कळवा. संचालकाच्या घराचा पत्ता देणार असाल तर विजेचं बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा.

शेवटी दोन आठवडे ऑफिसला कुलूप लावा. किल्ली एकाकडेच द्या आणि सोबत वही. कुणाला कशासाठी कुलूप उघडावं लागलं, ते त्यानं लिहायचं : चेकबुक, रबरी शिक्का, कुरिअर, जुनं चलन. प्रत्येक नोंदीची सोय लावा आणि पुन्हा दोन आठवडे कुलूप लावून बघा. वही कोरी राहिली की घरमालकाला नोटीस द्या.