घराजवळचा दवाखाना पारखताना या चुका टाळा

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ एवढ्या एका वाक्यावर अनेक घरांचा दवाखाना ठरतो. पण सर्दी, साधा विषाणूजन्य ताप, घशाची खवखव हे बहुतेकदा औषध नसलं तरी काही दिवसांत उतरतातच. त्यामुळे लवकर बरं वाटलं, एवढ्यावरून उपचार योग्य होता असं ठरत नाही. उलट, प्रत्येक सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक मिळत असेल तर सावध व्हा. विषाणूंवर ते चालतच नाही. इंटरनेटवर रुग्णांनी दिलेले तारे, म्हणजे रेटिंगही, फार तर बोलणं गोड आहे का, ताटकळावं लागतं का, एवढंच सांगतात. डॉक्टरांची पदवी आणि वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी मात्र स्वतः तपासून घ्या.

दुसरी चूक म्हणजे चकचकीत फरशी बघून निर्धास्त होणं. फरशीपेक्षा हात बघा. आधीचा रुग्ण गेल्यावर आणि तुम्हाला हात लावण्याआधी डॉक्टर किंवा नर्स हात स्वच्छ करतात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने धुतल्यास 40 ते 60 सेकंद लागतात. हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही, आणि तेच मोजे घालून पुढचा रुग्ण तपासणं तर धोक्याचंच.

सगळ्यात महाग पडते ती इंजेक्शनच्या वेळची भीड. सुई आणि सिरिंज दोन्ही नवीन हव्यात, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटायला हवं. ‘सुई बदलली आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण आधीच्या रुग्णाचं रक्त सिरिंजमध्येही शिरलेलं असू शकतं. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी (यकृताला सूज आणणारे विषाणू) आणि एचआयव्ही या वाटेने पसरतात. वापरलेली सुई टोपण न लावता लगेच टणक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हवी. टेबलावर किंवा साध्या कचऱ्यात सुया दिसल्या तर तिथे इंजेक्शन घेऊ नका. आणि मुळात गोळीने भागत असेल तर इंजेक्शन कशाला, हेही विचारा. लस घेणार असाल तर फ्रिजचं तापमान विचारा. बहुतेक लशी 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात, आणि त्यातल्या अनेक गोठल्या तरी निकामी होतात.

‘काही कळवलं नाही, म्हणजे रिपोर्ट चांगलाच असणार’ हे गृहीत धरणं मला सर्वांत घातक वाटतं. रिपोर्ट आलाच नसेल, किंवा कुणी पाहिलाच नसेल. तपासणीसाठी रक्त देतानाच विचारून ठेवा: रिपोर्ट कोण बघणार, कधीपर्यंत आणि कसं कळवणार? ठरलेला दिवस उलटला की आपणच फोन करा. अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं न विचारता चिठ्ठी लिहिली जात असेल, तर आपणहून सांगा. दर वेळी असंच घडत असेल, तर दुसरा दवाखाना शोधा.

प्रश्न विचारल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही, सिरिंजचं सीलबंद पाकीट दाखवतो.

वापरलेली सुई टोचली गेल्याची शंका आली, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं 72 तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. हेपटायटिस बीच्या लशीबद्दलही तिथेच विचारा.