सम्पमध्ये दोन पंप, तरी बेसमेंटमध्ये पाणी? पॅनल सेटिंगच्या या चुका टाळा

मुंबईत बेसमेंट पार्किंग असलेल्या सोसायटीत सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा खड्डा असतो, त्यात दोन सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारे) पंप, भिंतीवर ते चालवणारं पॅनल, आणि सगळे निर्धास्त की एक बंद पडला तर दुसरा आहेच. पण दुसरा वेळेवर चालू होणार का हे सेटिंगवर ठरतं आणि नेमकी तिथेच गडबड असते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एक नंबरचा पंप कायम पहिला. दुसरा महिनोनमहिने गाळात नुसता बसून राहतो, इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) जाम होतो, आणि हे कळतं भर जुलैत. म्हणून अल्टरनेशन चालू ठेवा, एका वेळी हा, पुढच्या वेळी तो. जोरदार पावसात मात्र पंप तासन्तास थांबतच नाही, मग पाळी कशी बदलणार? कंट्रोलरमध्ये (पॅनलमधला पंप चालू-बंद करणारा भाग) सोय असेल तर ठराविक तास सलग चालल्यावर पण बदल होईल असं सेट करून घ्या.

दुसरी चूक जास्त घातक आहे. कंट्रोलरने पंपाला 'चालू हो' सांगितलं आणि तो चालू झालाय असंच धरून बसला, पण इकडे ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट घेतला की तिला बंद करणारा) ट्रिप झालेला. पाळी त्याच पंपाची, त्यामुळे दुसऱ्याला कोणी हाक मारत नाही आणि पाणी चढत राहतं. प्रत्येक पंपाच्या ओव्हरलोडचा ट्रिप सिग्नल कंट्रोलरला परत गेलाच पाहिजे, म्हणजे तो बिघडलेल्याला सोडून लगेच दुसरा लावेल. इलेक्ट्रिशियनला हे वायरिंग दाखवायलाच सांगा, नुसत्या 'हो साहेब, केलंय'वर सोडू नका.

मग लेव्हल. पंप पाण्याच्या ज्या लेव्हलला चालू आणि ज्या लेव्हलला बंद होतो, त्या दोन्हींमध्ये फारच कमी अंतर ठेवतात. समजा सम्प दीड बाय दीड मीटर, पंप मिनिटाला ६०० लिटर काढतो आणि ३०० लिटर आत येतंय. २० सेंटीमीटर अंतर असेल तर तासाला २० स्टार्ट होतात, ४० सेंटीमीटर केलं तर १०, आणि अल्टरनेशन असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ५च. मोटर आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दोघांचं आयुष्य वाढतं.

दुसऱ्या पंपाची चालू लेव्हल पहिल्याच्या वर हवी, नाहीतर दोघं प्रत्येक वेळी एकत्रच उठतात. लाइट जाऊन आली की सम्प भरलेला असतो, तेव्हा दोघांमध्ये दहाएक सेकंदांचा डिले ठेवा म्हणजे जनरेटरवर एकदम लोड येणार नाही.

एक पंप चालू असून पाणी कमी होत नसेल तर आधी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बघा, बंद पंपाच्या लाइनमधून पाणी परत सम्पमध्येच येत असेल.

हाय लेव्हलचा फ्लोट (पाणी फार चढलं की हूटर वाजवणारा तरंगता स्विच) कंट्रोलरपासून वेगळा ठेवा, हूटर वॉचमनच्या केबिनमध्ये. आणि मे महिन्यातच पाइप लावून सम्प भरा, एका पंपाचा एमसीबी पाडा आणि दुसरा आपोआप उठतो का ते उभं राहून बघा, मग तेच उलट करून बघा. निघताना दोन्ही पंपांचे सिलेक्टर स्विच ऑटोवर आहेत ना ते मात्र तपासा.