ब्रिटनचे उजवे पक्ष आपापसात कशावरून भांडतात ते बातमी वाचताना कसं ओळखायचं

माझी मावसबहीण लंडनमधल्या हॅरोला राहते, आयएलआरवर. म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी आहे पण पासपोर्ट अजून भारताचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये नायजेल फराजच्या रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाने जाहीर केलं की आम्ही सत्तेत आलो तर आयएलआर हा प्रकारच बंद करू आणि ज्यांना तो आधीच मिळालाय त्यांनाही नव्या अटींवर व्हिसासाठी अर्ज करावा लागेल, आणि त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, हे सगळे उजवे एकच का? तर नाही. एकच नाहीत, आणि फरक कुठे आहे ते कळलं की निम्मी भीती कमी होते आणि उरलेली निम्मी नीट जागेवर बसते. मी कसं वाचते ते सांगते.

सगळ्यात आधी बोलणारा माणूस ब्रिटिश म्हणतोय का इंग्लिश ते बघा. आपण इकडे दोन्ही सरसकट वापरतो, तिथे तसं नाही. ब्रिटिश म्हणजे पासपोर्टवरचं, त्यात स्कॉटलंड, वेल्स सगळे आले, बाहेरून आलेला माणूसही कागद झाले की ब्रिटिश होतो यावर फारसा वाद नाही. इंग्लिश असा पासपोर्टच नाही, त्यामुळे इंग्लिश कोण हे ठरवायला कागद नाही आणि खरी मारामारी तिथेच आहे.

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे माजी पंतप्रधान ऋषी सुनक आणि माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन. दोघंही १९८० मधली, तो साउदॅम्प्टनचा, ती हॅरोची, दोघांचेही वडील केनियाहून आलेले (तिचे वडील मूळ गोव्याच्या फर्नांडिस घराण्यातले), दोघंही तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह या जुन्या उजव्या पक्षातच. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पॉडकास्टवर वाद झाला की सुनकला इंग्लिश म्हणायचं का, पॉडकास्ट चालवणारा म्हणाला तो तर ब्राउन हिंदू आहे. त्यावर सुनकने स्वतः सांगितलं की अर्थात मी इंग्लिश आहे, इथेच जन्मलो, इथेच वाढलो. आणि ब्रेव्हरमनने त्याच सुमारास लेख लिहून सांगितलं की मी ब्रिटिश एशियन आहे, इंग्लिश नाही आणि कधी होणारही नाही, कारण त्यासाठी पिढ्यांची मुळं लागतात. एका पक्षातली, जवळपास एकाच वाटेने आलेल्या घरातली दोन माणसं आणि उत्तरं उलटी! म्हणून माणसाच्या रंगावरून किंवा आडनावावरून तो कुठल्या गटातला हे कधी ठरवू नका, शंभर टक्के चुकाल.

मग दुसरा प्रश्न विचारायचा, हा माणूस जी परीक्षा लावतोय ती बाहेरचा माणूस पास होऊ शकतो का? दोन जुनी नावं डोक्यात ठेवा. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार इनॉक पॉवेल १९६८ मध्ये म्हणत होता की वेस्ट इंडियन किंवा एशियन माणूस इंग्लंडमध्ये जन्मला तरी तो इंग्लिश होत नाही, फक्त कायद्याने नागरिक होतो, म्हणजे ही परीक्षा कितीही अभ्यास करा पास होताच येत नाही. (त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या भाषणानंतर त्याच्याच पक्षाच्या नेत्याने, एडवर्ड हीथने, त्याला शॅडो कॅबिनेटमधून (विरोधी पक्षाच्या प्रतिमंत्रिमंडळातून) काढलं होतं, म्हणजे हे भांडण किती जुनं आहे बघा.) दुसरा त्याच पक्षाचा नॉर्मन टेबिट, १९९० ची क्रिकेट टेस्ट, मॅचला तुम्ही इंग्लंडकडून ओरडता का भारत-पाकिस्तानकडून. मला ती परीक्षा अपमानास्पदच वाटते, पण ती वागण्याची परीक्षा आहे, रक्ताची नाही. आजची कॉन्झर्व्हेटिव्ह नेता केमी बेडनॉक, जी स्वतः नायजेरियात वाढली, ती संस्कृती आणि मूल्यं यावर बोलते, म्हणजे टेबिटच्या बाजूची. त्याउलट मुळं, वंशज, मूळचे लोक असे शब्द यायला लागले की समजा गाडी पॉवेलकडे वळली.

तिसरं म्हणजे परत कुणाला पाठवायचं म्हणतायत ती पायरी मोजा. बोटीतून बेकायदा आलेले ही पहिली पायरी, तिथे सगळे उजवे एकत्र. कायदेशीर राहणारे आयएलआरवाले ही दुसरी, आणि नागरिक झालेले ही तिसरी. फराज सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणत होता की मास डिपोर्टेशन, म्हणजे लोकांना घाऊक परत पाठवणं, राजकीयदृष्ट्या अशक्य आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्याच पक्षाने पाच वर्षांत सहा लाखांपर्यंत लोक परत पाठवायचा प्लॅन मांडला, पुढच्या महिन्यात आयएलआर. मधल्या काळात काय झालं? त्याच्या उजवीकडून ओढ लागली. त्याच्यापेक्षा कडक बोलणारा खासदार रुपर्ट लो मार्च २०२५ मध्ये पक्षातून निलंबित झाला (पक्षाने वागणुकीच्या तक्रारींचं कारण दिलं, त्याने त्या नाकारल्या) आणि त्याने रिस्टोअर ब्रिटन ही स्वतःची संघटना काढली. रिफॉर्मचा माजी उपनेता बेन हबीब आधीच बाहेर पडला होता, त्याने ॲडव्हान्स यूके हा पक्ष काढला, आणि हा हबीब कराचीत जन्मलेला, वडील पाकिस्तानी.

टॉमी रॉबिन्सन, म्हणजे कडवा इस्लामविरोधी कार्यकर्ता, हे नाव दिसलं तर थांबून वाचाच. फराजने २०१८ मध्ये युकिप हा आपला जुना पक्ष सोडला तो रॉबिन्सनला पक्षात सल्लागार केलं म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्कशी बिनसलं तेही त्याच्यावरूनच, आणि पुढे रॉबिन्सन गेला हबीबच्या पक्षात. फराजची भिंत कुठे आहे ते यावरून कळतं.

झेंड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये विजेच्या खांबांवर पांढऱ्यावर लाल क्रॉसचे सेंट जॉर्जचे, म्हणजे इंग्लंडचे, झेंडे लागले, छोट्या राउंडअबाउटवरसुद्धा लाल पट्टे रंगवले. बहीण म्हणाली की बसने जाताना आधी धस्स व्हायचं, मग कळलं की त्यातले काही फुटबॉलच्या मॅचचे जुनेच होते.

आकडे एकदा बघून ठेवा. जुलै २०२४ च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्हना २३.७ टक्के आणि १२१ जागा, रिफॉर्मला १४.३ टक्के पण जागा फक्त ५. दोघांची बेरीज डावीकडच्या लेबर पक्षाच्या ३३.७ टक्क्यांहून जास्त, तरी राज्य लेबरचं, कारण मतदारसंघात पहिला येईल तोच जिंकतो. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याची माणसं ओढतो. जानेवारी २०२६ मध्ये ब्रेव्हरमन रिफॉर्ममध्ये गेली, तिथेच श्रीलंकन आईवडिलांचा मुस्लिम झिया युसूफ आहे, जो जून २०२५ मध्ये बुरखाबंदीच्या प्रश्नावरून पद सोडून दोन दिवसांत परत आला. तेव्हा भांडण आता पक्षांच्या मधे नाही, पक्षांच्या आत गेलंय. बातमीत पक्षाचं नाव नंतर वाचा, आधी वाक्य कुणाचं ते बघा.

बहिणीने नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरवलंय. भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार म्हणून मावशी दोन दिवस बोलली नाही तिच्याशी. लाइफ इन द यूके परीक्षेत २४ प्रश्न असतात, १८ बरोबर यावे लागतात, रविवारी व्हिडिओ कॉलवर मी विचारते आणि ती उत्तरं देते, परवा २१ आले.