शीतयुद्धाचा उगम अभ्यासायचाय? आधी १९४५ चा नकाशा काढा

शीतयुद्ध वाचायला घेणारे बहुतेक जण १९४७ पासून सुरुवात करतात. ट्रुमन सिद्धान्त (साम्यवाद रोखायला इतर देशांना मदत देण्याचं अमेरिकी धोरण), मार्शल योजना (युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकी पैसा), बर्लिनची नाकेबंदी, नाटो (पाश्चात्त्य देशांचा लष्करी करार). सनावळी पाठ झाली की घटक संपला. एमएला आमच्या सरांनी मात्र आधी टिपणंच काढू दिली नाहीत. मे १९४५ मध्ये कोणाचं सैन्य कुठवर पोचलं होतं, तेवढं युरोपच्या नकाशात रंगवून आणा म्हणाले. काम शाळकरी वाटेल, तरी कराच.

रंगवताना लक्षात येतं की पोलंड, रुमानिया, हंगेरी, बल्गेरिया लाल सैन्याच्या ताब्यात आहेत. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला अमेरिका, ब्रिटन आणि रशियाच्या नेत्यांच्या परिषदेत पोलंडमधल्या मुक्त निवडणुकांचं आश्वासन दिलं गेलं, तेव्हाही तिथे रशियन फौजाच होत्या. त्याआधी, ऑक्टोबर १९४४ मध्ये, मॉस्कोत ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलने कागदाच्या चिटोऱ्यावर टक्केवारी मांडली होती: रुमानियात रशियाचा ९० टक्के वरचष्मा, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९० टक्के. स्टालिनने त्यावर खूण केली. गंमत बघा, १२ मार्च १९४७ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने अमेरिकी काँग्रेसकडे ४० कोटी डॉलर मागितले ते ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी. म्हणजे स्टालिनने ज्या देशावरचा हक्क जवळपास सोडला होता, त्याच्याच नावाने हा सिद्धान्त उभा राहिला. ग्रीसमधल्या साम्यवादी बंडखोरांना रसद पुरवण्यातही स्टालिनपेक्षा टिटोचा युगोस्लाव्हियाच पुढे होता.

सगळ्यात जास्त वेळ जर्मनीला द्या. गाइडमध्ये युद्धभरपाईवर दोन ओळी असतात. माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. सोव्हिएत संघाची सुमारे २.७ कोटी माणसं मेली होती, त्याला जर्मनीकडून भरपूर वसुली हवी होती. जर्मनी कंगाल झाला तर युरोप सावरणार नाही, ही अमेरिकेची धास्ती. १९४५ च्या पॉट्सडॅम परिषदेत तोडगा निघाला की ज्याने त्याने मुख्यतः जर्मनीच्या आपापल्या ताब्यातल्या विभागातून वसूल करावं. फाळणीची वाट तिथूनच निघाली. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या विभागांत नवं चलन आलं आणि काही दिवसांतच सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते नि रेल्वे बंद केले; हीच बर्लिनची नाकेबंदी.

मूळ कागद वाचायला घाबरू नका. राजदूतावासांतून मायदेशी गेलेल्या दोन तारा (टेलिग्राम) शेजारी ठेवून वाचा: फेब्रुवारी १९४६ ची मॉस्कोहून अमेरिकी मुत्सद्दी केननने पाठवलेली आणि त्याच सप्टेंबरातली वॉशिंग्टनहून सोव्हिएत राजदूत नोविकोवची. दोन्ही इंटरनेटवर इंग्रजीत फुकट मिळतात. केननला क्रेमलिनच्या वागण्यामागे रशियन सत्ताधाऱ्यांची जुनी असुरक्षितता दिसते; नोविकोव अमेरिकेचे लष्करी तळ दाखवून जागतिक वर्चस्वाचा आरोप करतो. नोविकोवची तार सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवच्या सूचनांबरहुकूम लिहिलेली आहे, तेव्हा साहेबाला काय ऐकायचं होतं, तेही तीत शोधा.

दोष रशियाचा की अमेरिकेचा, यावरचे इतिहासकारांचे पंथ (पारंपरिक म्हणजे दोष रशियाचा, पुनर्विचारवादी म्हणजे अमेरिकेचा, उत्तर-पुनर्विचारवादी म्हणजे दोघांचाही) शेवटी वाचा. आधी वाचलेत तर कागदात तेच दिसायला लागतं. आणि उत्तर १९४९ ला थांबवा: एप्रिलमध्ये नाटो, मेमध्ये नाकेबंदी उठली, ऑगस्टमध्ये सोव्हिएत अणुचाचणी. उगमाच्या प्रश्नात नंतरचं कोरियाचं युद्ध ओढून आणलंत तर जर्मनीला जागा उरत नाही.