शिक्का आधी, कार्ड नंतर: हाताने शुभेच्छापत्र कसे बनवावे

शिक्के वापरून शुभेच्छापत्र करताना एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: घडी घातलेल्या कार्डावर थेट शिक्का मारायचा नाही. ठसा वेगळ्या तुकड्यावर उमटवायचा, तो मनासारखा आला की मगच कार्डावर चिकटवायचा. ठसा बिघडला तर जातो फक्त तो तुकडा, पूर्ण कार्ड नाही. वाया जाण्याची धास्ती नसली की हातही मोकळा चालतो आणि ठसे चांगले येऊ लागतात.

कागद आणि घडी

कार्डासाठी साधारण २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. त्याहून पातळ कार्ड उभे राहत नाही. ठशाचा तुकडा मात्र गुळगुळीत पांढऱ्या कागदाचाच हवा. खरखरीत कागद दिसायला सुंदर असतो, पण त्याच्या खळग्यांत शाई पोहोचत नाही आणि बारीक रेषा तुटतात.

ए-४ आकाराचा कागद आडवा मधोमध कापला की २१० × १४८ मिमीचे दोन भाग मिळतात. एका भागाची २१० मिमीची बाजू १०५ वर दुमडली की कार्ड तयार. ते सी-६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) नीट बसते.

कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने असतात. घडी त्या दिशेला समांतर असेल तर ती सरळ बसते, आडवी गेली तर कडेवर भेगा पडतात. कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या दिशेची घडी चांगली येते.

घडी घालण्याआधी तिथे रेघ दाबून घ्यायलाच हवी. फूटपट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एकदा घट्ट ओढा. दाबलेल्या रेघेच्या मागे किंचित उंचवटा येतो. तो घडीच्या आत राहील अशा बेताने कागद दुमडा. बरेच जण नेमके उलटे करतात, आणि मग कागद चिरतो.

शाई

शिक्क्यापेक्षाही निकाल शाईवर जास्त अवलंबून असतो. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर वाळते, त्यामुळे शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी. पिगमेंट शाई पृष्ठभागावर राहते. तिचा रंग भरदार दिसतो आणि गडद कागदावरही उठतो, पण वाळायला वेळ लागतो आणि तोवर बोट लागले की पसरते. ठशात नंतर जलरंग भरायचे असतील तर पाण्याने न पसरणारी शाई लागते, अल्कोहोल मार्कर वापरायचे असतील तर अल्कोहोलने न पसरणारी. रंग भरण्याआधी एका कपट्यावर ठसा मारून, वाळू देऊन, त्यावरून रंग फिरवून बघाच.

ठसा उमटवणे

पारदर्शक पॉलिमरचे शिक्के ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला नुसते दाबले की चिकटतात. आरपार दिसत असल्याने ठसा कुठे पडणार ते आधीच कळते. नव्या शिक्क्यावर शाईचे थेंब जमू लागले तर त्यावर खोडरबर अलगद फिरवा, मग शाई एकसारखी धरते.

शिक्का पॅडवर घासू नका, हलके टिपके मारत शाई लावा. मोठा शिक्का असेल तर तो उताणा ठेवून पॅडच त्याच्यावर टेकवत न्या. पॅडवर जोर दिला की शाई शिक्क्याच्या कडांवर चढते आणि ठशाभोवती नको ते डाग उमटतात.

तुकड्याखाली पातळ फोमची चटई किंवा काही कागदांची थप्पी ठेवा. शिक्का सरळ खाली आणा, मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर सारखा दाब द्या, आणि सरळ वर उचला. डोलवू नका. कागदी कामकाजावर रबरी शिक्का डोलवून मारायची सवय असते, इथे मात्र तिने कडा दुहेरी होतात.

एक फूल दुसऱ्याच्या मागे दाखवायचे असेल तर पुढचे फूल आधी उमटवा. त्याचाच ठसा चिकटचिठ्ठीवर (स्टिकी नोटवर) घ्या, रेषेच्या किंचित आतून कापा आणि पहिल्या फुलावर लावा. आता मागचे फूल मारून चिठ्ठी काढली की ते खरेच मागे असल्यासारखे दिसते. शिक्का एकच असला तरी या युक्तीने अख्खा गुच्छ होतो, आणि मला ती या कलेतली सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते.

उठावदार चकचकीत अक्षरांसाठी पिगमेंट शाई ओली असतानाच एम्बॉसिंग पावडर पसरा, जास्तीची झटकून परत डबीत घ्या आणि भटके कण कोरड्या ब्रशने काढा. मग हीट गनने, म्हणजे अतिशय गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, पावडर वितळवा. चमक आली की लगेच पुढे सरका, जास्त तापवले तर कागद वाकतो. केस वाळवायचे यंत्र इथे कामाचे नाही: ते पावडर उडवते आणि पुरेसे तापतही नाही.

विकतचे शिक्के नसतील तर खोडरबर कोरा. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढलेले चित्र खोडरबरावर पालथे घासले की ते उलटे उमटते, म्हणजे छापल्यावर सुलटे येते. अक्षरांसाठी हे फार महत्त्वाचे.

जोडणी

१०५ × १४८ च्या दर्शनी बाजूसाठी ठशाचा तुकडा ९५ × १३८ मिमीचा कापा, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिमी कड राहते. मागे वेगळ्या रंगाचा थर हवा असल्यास तो ९९ × १४२ चा. पातळ गोंदाने कागद सुरकुततो, म्हणून दुहेरी टेप बरी. फोम टेपने तुकडा छान उचलून दिसतो, पण पोस्टाने जाणाऱ्या कार्डाला ती जाडी अडचणीची ठरते. मोकळी जागा भरायच्या मागे लागू नका. एक स्वच्छ ठसा आणि भोवती कोरा कागद, एवढे पुष्कळ आहे.

कार्ड गडद रंगाचे असेल तर आत साधा पांढरा कागद लावा, नाहीतर लिहिलेला मजकूर वाचताच येणार नाही.

काम संपले की शिक्के ओल्या मऊ कापडाने लगेच पुसा. पॉलिमरचे शिक्के त्यांच्या मूळ प्लास्टिकच्या पानावर परत लावून उन्हापासून दूर ठेवा.