बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचा, मगच बदला

गाडीचा बोल्ट झिजला की आपण जाडी आणि लांबी जुळवून दुसरा लावतो. आटे बसतात, पण ताकद तीच असेल असं नाही. ती डोक्यावर कोरलेली असते.

१. डोकं वायर ब्रशने घासा. ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा दिसेल. शेजारची अक्षरं बहुधा बनवणाऱ्याची खूण असते, ती सोडून द्या.

२. पहिल्या आकड्याला १०० ने गुणा. ८.८ चा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो. दुसरा आकडा सांगतो, त्यातल्या किती ताणावर तो कायमचा लांबतो: ८०० चे ०.८, म्हणजे ६४०. १०.९ ला हेच १००० आणि ९००.

३. नवा बोल्ट त्याच आकड्याचा घ्या. नटावर एकच आकडा असतो, ८.८ च्या बोल्टला ८ चा नट, १०.९ ला १० चा.

४. आटेही तपासा. एम १० × १.२५ म्हणजे जाडी १० मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. एम १० मध्ये १.५ चेही बोल्ट मिळतात. ते एखाददुसरा फेरा जातात आणि मग अडतात. तिथे पान्याचा जोर लावलात की आटे गेलेच.

चकाकणाऱ्या स्टीलच्या बोल्टला मात्र भुलू नका. त्यावर ए२-७० लिहिलेलं असेल तर तो ७०० चा, म्हणजे ८.८ पेक्षा कमजोर. गंजत नाही एवढंच. ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट इथे तो नकोच.