पूर्वी कधी न केलेलं काम अंगावर घेताना

वेबसाइट बनवून घेणाऱ्या क्लायंटच्या यादीत बहुतेक कामं हातखंड्याची असतात, एखादंच नवं असतं आणि वेळापत्रक नेमकं तिथेच बोंबलतं. त्यामुळे पूर्ण प्रोजेक्टचा आकडा लगेच सांगू नका. आधी फक्त त्या भागाची दोन-तीन दिवसांची चाचणी करा, तीही वेगळे पैसे घेऊन.

ऑनलाइन पेमेंटचंच घ्या. टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे न हलवता, व्यवहार झाला की काम संपल्यासारखं वाटतं. खरी गोम वेबहुकमध्ये, म्हणजे पैसे आल्याचा जो निरोप पेमेंट गेटवे (पैसे स्वीकारणारी सेवा) आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवतो त्यात असते. ग्राहकाने पैसे भरताच ब्राउझर बंद केला तरी ऑर्डर नोंदली गेली पाहिजे, आणि तोच वेबहुक दोनदा आला तरी ऑर्डर एकच राहिली पाहिजे. म्हणून इव्हेंट आयडीच्या (प्रत्येक निरोपाच्या ओळख क्रमांकाच्या) कॉलमवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. निरोप खरंच गेटवेकडून आलाय हे पटवणारी सिग्नेचर तपासताना रिक्वेस्टचा मूळ मजकूर जसाच्या तसा वापरा. फ्रेमवर्कने जेसन (निरोपातल्या माहितीची मांडणी) उलगडून पुन्हा बांधला आणि त्यात एखादं अक्षर जरी बदललं की सिग्नेचर जुळत नाही, आणि दोष उगाच सिक्रेट कीवर, म्हणजे सिग्नेचर तपासायच्या गुप्त किल्लीवर जातो. लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवलेल्या साइटवर, बाहेरचा वेबहुक थेट पोहोचत नाही, टनेल (बाहेरून आत वाट करून देणारं टूल) लागतो. कार्ड नंबरसाठी गेटवेचंच पान वापरा.

ही चाचणी जमली तर कोटेशन द्या. अडलंच तर जाणकाराचे काही तास विकत घ्या आणि तो खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा.